यादीतल्या दोघी

आमच्या बुधवारच्या प्रार्थनेतल्या चिठ्ठ्यांना लसणाचा वास येतो. ज्या स्टीलच्या डब्यात त्या ठेवतात, त्यात आधी शेंगाचटणी असायची. डबा पाळकीणबाईंचा, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोचा. त्यांनी तो दोनदा सोडा घालून घासला, आठवडाभर उन्हात पालथा ठेवला, पण सोलापूरची चटणी अशी सहजासहजी हलत नाही. त्यामुळे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावातली दुखणी, बाप्तिस्मे आणि गळकी छपरं आमच्याकडे लसणाच्या वासासकट वाटली जातात.

त्या गावातल्या चर्चचं आणि आमच्या चर्चचं जुनं नातं आहे. तिकडचं कोणीतरी फार पूर्वी इकडे शिकवायला आलं होतं, त्यातून ते सुरू झालं. आता दर महिन्याला त्यांची यादी ईमेलनं येते आणि आमची तिकडे जाते. यादी म्हणजे प्रार्थनेचे विषय. मी एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, त्यामुळे इंग्रजी काहीही आलं की ते माझ्याच गळ्यात पडतं. त्यांच्या यादीतला एकेक विषय मी मराठीत एकेका चिठ्ठीवर उतरवते. बुधवारी चार वाजता आम्ही दहा-बारा बायका कोणा एकीच्या घरी जमतो, गाणं म्हणतो, डबा फिरतो. जिच्या हाताला जी चिठ्ठी लागेल ती तिनं आठवडाभर घरी ठेवायची, रोज नजरेला पडेल अशा जागी. कोणी फ्रिजवर लावतं, कोणी पिठाच्या डब्यावर. पुढच्या बुधवारी परत आणून डब्यात टाकायची आणि नवी उचलायची. हा नियम मी केला, आणि केलेला नियम पाळला गेला नाही की माझं डोकं फिरतं. शिकवण्याची नोकरी सुटली तरी छडी काही हातातून सुटत नाही, असं माझे यजमान म्हणायचे.

सुरुवातीला बायकांना हे सगळं जरा विचित्रच वाटलं. ते लोक आपल्यासाठी प्रार्थना करणार, आपण त्यांच्यासाठी काय करायची? गोऱ्यांना काय कमी आहे? मग एका यादीत आलं की त्यांच्या देवळाचं, म्हणजे चर्चचं, छप्पर गळतंय, आणि रविवारच्या भक्तीला वीस-बावीस माणसं येतात, त्यातली बहुतेक सत्तरीच्या पुढची. तेव्हा घर गप्प झालं. ज्यांनी आपल्याला गाणी शिकवली त्यांच्याकडे आता ती म्हणायला माणसं उरली नाहीत, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या घरातल्या यंत्रमागांची खडखड तेवढी चालू होती, कारण त्या दिवशी आम्ही भवानी पेठेत, विणकरांच्या वस्तीत बसलो होतो.

त्याच सुमाराला कुत्र्याची चिठ्ठी आली. ती मावशींच्या हाताला लागली. मावशी आमच्यातल्या सर्वांत वयस्क. एका दवाखान्यात आया म्हणून त्यांचा जन्म गेला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांची चिठ्ठी मी वाचून दाखवायची अशी रीत. मी वाचलं, "तिकडच्या पाळकांचा कुत्रा वारला. ते एकटे राहतात. फार दुःखात आहेत."

"कुत्र्यासाटी प्रार्थना?" मावशी म्हणाल्या. "बाई, तुमी नीट वाचलं न्हवं?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी कडक आवाजात म्हटलं की जे आहे तेच वाचलंय. मावशींनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, मग डोळे मिटले. "देवा," त्या म्हणाल्या, "त्या पाळकाला घरात बोलायला कोन न्हाय. एक कुत्रं हुतं, तेबी गेलं. तू जरा जाऊन बस त्याच्याजवळ. आमेन."

मी शब्दांत पटाईत बाई. प्रार्थना सांगायला उभी राहिले की वचनं ओळीनं येतात. पण अशी प्रार्थना मला आजवर जमलेली नाही, आणि त्या दिवशी मला मावशींचा चक्क हेवा वाटला.

आता आमच्याकडून जाणाऱ्या यादीचं. ती पण मीच लिहिते. कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाचं न जमणारं लग्न, कोणाचे गुडघे. एकदा मी लिहिलं की नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तर तिकडून घाबरून उत्तर आलं, तुम्ही चार-चार दिवस तहानलेले राहता का? आमच्या घरोघरी पाण्याची पिंपं असतात, ती भरून ठेवतो, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. हसू आलं, पण बरंही वाटलं. इतक्या लांब कोणाला तरी आपल्या नळाची काळजी आहे, हे काही कमी नाही.

ही यादी लिहिता लिहिता मला एक सवय लागली, आणि तीच मला महागात पडली. लांबच्या माणसांना सगळं सांगता येतं. ती नवी पेठेत समोरून येत नाहीत, चर्चच्या पायरीवर थांबवून "मग, कसं आहे आता?" विचारत नाहीत. माझ्या यजमानांना पोटाचा कर्करोग निघाला तेव्हा मी ते इथे कोणाला सांगितलं नाही. अल्सर आहे म्हटलं. पण त्याच आठवड्यात स्कॉटलंडला सगळं लिहिलं, रोगाच्या नावासकट.

आणि माझ्या मुलीला लिहिलं नाही. माझी एकुलती एक मुलगी पुण्यात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा चार महिन्यांवर होती. मी ठरवलं, परीक्षा झाली की सांगायचं. फोनवर रोज सांगायची, बाबा ठीक आहेत, जरा पथ्य चालू आहे. यजमानांनी दोनदा विचारलं, "तिला बोलवायचं का?" मी म्हटलं, "पेपर झाले की येईलच." डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. आम्हाला चार महिने मिळाले. शेवटचा पेपर बाकी असताना ती पुण्याहून आली, तेव्हा तिचे बाबा गेलेले होते. शवपेटी बंद करायच्या आधी तिनं त्यांचा चेहरा पाहिला, तेवढंच.

तेव्हाही ती मला काही बोलली नाही. तिला वाटलं, आईलाही कल्पना नव्हती, सगळं अचानक झालं. मी तिला तसं वाटू दिलं. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

पंधरा दिवसांनी टपालानं स्कॉटलंडहून सांत्वनाचं कार्ड आलं. तिकडच्या सगळ्यांच्या सह्या होत्या, थरथरत्या हातांच्या. घरी भेटायला येणाऱ्यांची वर्दळ होती. मुलीनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. त्यांनी लिहिलं होतं की गेले चार महिने आम्ही दर रविवारी तुमच्या यजमानांचं नाव घेत होतो.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "चार महिने? आई, ह्यांना माहीत होतं?"

तिनं कार्ड माझ्यासमोर धरलं. "ह्यातला एक तरी माणूस बाबांना कधी भेटला होता का? ह्यांना सांगितलंस. मला नाही." तिचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. त्यानंतर तीन वर्षं वाढदिवसाला एक मेसेज आणि नाताळला एक मेसेज. मी फोन केला तर उचलायची नाही. चर्चला जाणंही तिनं सोडलंय, हे मला बाहेरून कळलं.

आणि मी काय केलं? पुढच्या महिन्याच्या यादीत लिहिलं, "आमच्या मंडळीतली एक आई आणि मुलगी. बोलणं तुटलं आहे." नाव नाही, गाव नाही. पुन्हा तीच सवय. दर महिन्याला यादीत बाकीचे विषय बदलत, ही ओळ मी तशीच ठेवी. बुधवारी मात्र बायकांसमोर मी अवाक्षर काढलं नाही. माझी पोर पुण्यात चांगल्या दवाखान्यात लागली आहे, कामात असते, हे माझं ठरलेलं उत्तर. बायकाही मान डोलवायच्या आणि विषय बदलायच्या.

त्याच सुमाराला मावशींनी एक नवीन खोड काढली. आणलेल्या चिठ्ठ्या डब्यात पडल्या की त्या डबा स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या, आत बोटं घालून एकच ठरावीक चिठ्ठी शोधून काढायच्या, चंचीत टाकायच्या आणि मग डबा पुढे सरकवायच्या. मी विचारलं, "वाचून दाखवू का?"

"नगं. मला ठावं हाय त्यात काय हाय."

मला वाटलं, त्या अजून कुत्र्यालाच धरून बसल्यात. त्या पाळकानं दुसरा कुत्रा आणला, त्याचा फोटोसुद्धा आला, तरी ह्यांचं आपलं तेच. नियम सगळ्यांना सारखा असायला हवा, असं मी एकदा पाळकीणबाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "असू द्या हो, म्हाताऱ्या माणसाचं." आणि उगाच खिडकीबाहेर बघायला लागल्या.

यंदा डिसेंबरात आंघोळ करताना मला छातीत गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, घाबरू नका, पण बायोप्सी करून घेऊ. जानेवारी संपायच्या आत या, बरोबर कोणाला तरी आणा. मी हो म्हटलं, घरी आले आणि लॅपटॉप उघडला. नव्या यादीत शेवटची ओळ लिहिली, "मंडळीतली एक वयस्क बाई. छातीतली गाठ, तपासणी व्हायची आहे." लिहून झाल्यावर हायसं वाटलं. कोणाला तरी सांगितलं असं वाटलं. ती यादी मात्र मी पाठवली नाही, छापून ठेवली, कारण जानेवारीत तिकडचे पाहुणे स्वतः येणार होते. त्यांच्या हातातच देऊ म्हटलं.

पाहुणे दोनच, एक आजोबा आणि एक आजी. जत्रेचे दिवस, गाडी चर्चपर्यंत यायला तासभर लागला. आजींचा चेहरा उन्हानं लालबुंद झाला होता, पण आमच्या चर्चमध्ये म्हणतात तसं "सलाम, सलाम" करत त्या सगळ्यांशी हात मिळवत होत्या. भक्तीमध्ये त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि मी शेजारी भाषांतराला.

छप्पर दुरुस्त झालं, त्यांनी सांगितलं. मी मराठीत सांगितलं, टाळ्या पडल्या. पाळकांचा नवा कुत्रा भक्तीच्या वेळी दाराशी येऊन झोपतो. ते मी सांगितलं, तेव्हा मावशींकडे बघून सगळे हसले. सोलापूरच्या बायका आमच्यासाठी प्रार्थना करतात, हे कळल्यावर आमच्याकडचे दोघे-तिघे जण पुन्हा देवळात यायला लागले, असंही त्या म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या की आणखी एक सांगायचंय. तुमच्या यादीत एक आई आणि मुलगी आहेत. तीन वर्षं मी तो विषय दुसऱ्या कोणाला दिला नाही, स्वतःकडे ठेवला. माझंही माझ्या आईशी पटत नव्हतं, आणि ती जाईपर्यंत मला जाग आली नाही. सकाळी किटलीत पाणी भरताना मी त्या दोघींसाठी रोज दोन वाक्यं बोलते. त्या इथे असतील तर मला त्यांना भेटायचंय. नसतील तर कोणी एवढं सांगा, त्या आता कशा आहेत?

हे सगळं त्या इंग्रजीत बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या.

मी समोर पाहिलं. पंखे फिरत होते. सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी म्हटलं, "त्या आपल्या सगळ्या कुटुंबांसाठी रोज प्रार्थना करतात."

लोकांनी माना हलवल्या. आजी मात्र उत्तराची वाट बघत होत्या. त्यांची नजर एकेका बाकावरून फिरत होती, एखादी आई, एखादी मुलगी उठून उभी राहील म्हणून. कोणीच उठेना. त्यांचा चेहरा हळूहळू पडला. बहुधा त्यांना वाटलं, फार वाईट काही झालंय.

पुढच्या बाकावरून आवाज आला. "बाई, त्या येवढं बोलल्या आन् तुमी येवढंच सांगितलं." मावशी होत्या. "काय तरी राहिलं की."

शाळेत कित्येक पोरांची चोरी मी पकडली असेल. आज एका न शिकलेल्या बाईनं माझी पकडली होती, भर चर्चमध्ये. राग आला, खोटं का बोलू? पण राग दोन क्षणही टिकला नाही. हातातल्या नव्या यादीतली शेवटची ओळ मला दिसत होती. इतकी वर्षं मी सगळ्या जगाचं भाषांतर करत होते आणि स्वतःच्या घरातलं एक वाक्य गिळून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"त्या विचारतायत," मी म्हटलं, "यादीतली ती आई आणि मुलगी कशा आहेत." मी यादी मिटली. "ती आई मी आहे. मुलगी माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं होतं कुजबुज होईल. काहीच झालं नाही. मावशी उठल्या, गुडघ्यावर हात टेकत माझ्यापर्यंत आल्या. "आमाला ठावं हाय की," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "ते कार्ड आलं त्या दिवशी मी तुमच्याच सैपाकघरात च्या करत हुते." त्यांनी चंची उघडली, चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

तीन वर्षं घड्या पडून कागद फडक्यासारखा मऊ झाला होता. अक्षर पाळकीणबाईंचं. "बाई आणि त्यांची लेक."

"डबा तुमच्याकडं जायाच्या आदी काडून घ्यायचे," मावशी म्हणाल्या. "तुमच्या हाताला लागली आस्ती तर तुमाला कसं वाटलं आसतं?"

मी भर चर्चमध्ये रडले. मला चारचौघांत रडणारी माणसं आवडत नाहीत, यजमानांच्या मातीलाही मी रडले नव्हते. स्कॉटलंडच्या आजींना कोणी भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी माझा दुसरा हात धरला. मग पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं, कारण आमच्याकडे असं काही झालं की पाळकसाहेब गाणंच सुरू करतात.

जेवणं झाल्यावर आजींनी यादी मागितली. मी पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली, अगदी वाचता येऊ नये इतकी. "हे अजून तुम्हाला सांगायचं नाही," मी त्यांना म्हटलं. "आधी दुसऱ्या कोणाला सांगायचंय." त्यांनी मान हलवून यादी पर्समध्ये ठेवली.

घरी येऊन साडीही न बदलता मी फोन लावला. उचलणार नाही हे ठाऊक होतं. उचलला नाही. मग मी मेसेज केला, "मला बरं नाही. हे तुला सांगायला फोन केला होता." पाच मिनिटं गेली असतील. फोन वाजला.

"काय झालंय?" तीन वर्षांनी तो आवाज ऐकला. आता तो दवाखान्यात काम करणाऱ्या बाईचा आवाज होता.

मी सांगितलं. गाठ कुठे, केवढी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं ओळीनं, काही न वगळता. एका दिवसात दुसऱ्यांदा मला माझ्याच तोंडून खरं ऐकून नवल वाटत होतं. शेवटी म्हटलं, "बाबांच्या वेळी मला सगळं माहीत होतं. ते तुला बोलवू का विचारत होते, दोनदा. मी नको म्हटलं. मला माफ कर."

तिनं पलीकडे दार लावून घेतल्याचं ऐकू आलं.

"ह्या गाठीचं अजून कोणाकोणाला सांगितलंस?" तिनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"कोणालाच नाही."

"तिकडे? स्कॉटलंडला?"

"लिहिलं होतं. आज खोडलं. तू पहिली." मग मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "देवालासुद्धा अजून नीट सांगितलं नाहीये."

पलीकडून आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा मला कळलं नाही.

"मग सांग ना आता," माझी मुलगी म्हणाली. "मी फोन धरलाय."